सहाजण उभे होते

ऑर्फा व्हीलॉकने कॉफीची मोठी किटली उचलली, तापलेल्या कडीभोवती ॲप्रनचं टोक गुंडाळलं आणि तळघरातल्या स्वयंपाकघराचा जिना चढून ती सभागृहाच्या मागच्या दाराशी आली. आत इतकी शांतता होती, की तिला वाटलं, कुणाला तरी चक्कर आली असावी.

ईस्ट हार्लोची वार्षिक गावसभा. मार्चचा पहिला मंगळवार, साल एकोणीसशे चोपन्न. सकाळी नऊला सभा बसली होती. रस्त्यावरचा बर्फ लोटायचं यंत्र नवं घ्यायचं की जुन्यालाच ठिगळ लावायचं, यावर दीड तास गेला. शाळेच्या छपरावर पाऊण तास. मग जेवण झालं. चर्चच्या बायकांनी रात्रभर भट्टीत ठेवलेला, मेपलच्या पाकातला घेवडा, काळा पाव, कोबीची कोशिंबीर आणि डोनट. जेवणानंतर दरवर्षी निम्मे लोक पेंगायचे आणि निम्मे आपापल्या मेपलच्या झाडांना रसासाठी टांगलेल्या बादल्या आठवून चुळबुळत बसायचे. आज कुणी पेंगत नव्हतं.

"एकविसावं कलम," अध्यक्ष रॉयस टटल म्हणाला. सभेच्या विषयांची नोटीस त्याने डोळ्यांपासून लांब धरली होती. "ग्रंथपाल थर्झा किट्रिज यांना कामावरून दूर करावं का. हार्लन, बोल."

हार्लन बिकफर्ड आधीच उभा होता. गुरांच्या पेंडीचा दुकानदार आणि गावातल्या माजी सैनिकांच्या मंडळाचा प्रमुख. ऑर्फा शाळेत त्याच्या पुढच्या बाकावर बसायची. माणूस वाईट नव्हता. तीन वर्षांपूर्वी कोरियाच्या युद्धातून तिच्या मुलाची, नेथनची शवपेटी आली, तेव्हा स्टेशनवर पहाटे चारला, उणे वीस थंडीत, हार्लन टोपी काढून उभा होता. पेटीवरच्या झेंड्याची घडी त्यानेच तिच्या मांडीवर ठेवली होती.

"मंडळी, बाईंशी माझं काही वैर नाही," हार्लन म्हणाला. "सव्वीस वर्षं त्यांनी ग्रंथालय सांभाळलं. पण तिथे तीन पुस्तकं आहेत. कम्युनिस्टांची, ते सगळ्यांना माहीत आहे. मी ती जाळा म्हटलं नाही. मी एवढंच विचारलं, ती कुणी कुणी नेली? आमच्या मंडळाला यादी द्या. चार वेळा विचारलं. चार वेळा नाही म्हणाल्या."

तिसऱ्या रांगेत थर्झा किट्रिज बसल्या होत्या. अध्यक्षांनी मान हलवली तेव्हा त्या उठल्या. बारीक बाई, करड्या स्वेटरच्या कोपरांना रफू केलेलं.

"कुणी काय वाचलं हे ज्याचं त्याचं असतं, हार्लन. ते माझं नाहीच, तर मी देऊ कसं?"

"लपवण्यासारखं काही नसेल तर लपवायचं कशाला?"

"पोस्टमास्तर तुझं पत्र फोडत नाही. ते तू काही लपवतोस म्हणून का?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. हार्लनच्या मानेवर लाली चढली.

"पत्राचं सोडा. या गावातली चार मुलं या देशासाठी गेली. चार! नेथन व्हीलॉक वीस वर्षांचा होता. त्याची आई मागे उभी आहे, बघा. तिच्या तोंडाकडे बघून सांगा मला, तो कशासाठी गेला?"

दोनशे माना वळल्या. ऑर्फाने किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. काय करावं ते न सुचून तिने ओळखीच्या एका-दोघांना मान लववली. रस्त्यात भेटल्यावर लववतो, तशी.

"तो निघाला तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं बाबा," खिडकीपाशी बसलेले आसा प्रुइट म्हणाले. वय एक्याऐंशी, ते बसल्या जागेवरूनच बोलायचे आणि कुणी त्यांना टोकत नसे. "पोरा, आजवर काय काय वाचलंस ते सांग, मग मर, असं नाही म्हणालं कुणी."

"आसाकाका, उभं राहून बोला," रॉयस म्हणाला.

"राहतो की. उभाच राहतो." ते काठीच्या आधाराने उठले. "अध्यक्ष महाराज, मला चिठ्ठ्या हव्यात. नुसतं ओरडून मत द्यायचं असेल तर ते माझ्या गाईही देतील."

आता हशा पिकला. रॉयसने हातोडी आपटली.

"सातजण लागतात. नियम तुम्हाला माहीत आहे."

"तुझ्या बापाला तो मी शिकवलाय."

नियम साधा होता. एरवी सगळे मोठ्याने हो किंवा नाही म्हणत आणि अध्यक्ष आवाजावरून ठरवत. पण सात मतदारांनी मागितलं, तर प्रत्येकाला कागदाचा चिटोरा मिळे, ज्याने त्याने कोपऱ्यात जाऊन लिहावं आणि लाकडी पेटीत टाकावं. कुणी काय लिहिलं ते कुणाला कळत नसे. मागायला मात्र सगळ्यांसमोर उभं राहावं लागे.

"कुणाकुणाला चिठ्ठ्या हव्यात?" रॉयसने विचारलं.

आसाकाका उभेच होते. मग शाळेची मुख्याध्यापिका उठली. दुधाच्या गाडीवाला उठला, आणि त्याच्या शेजारी बसलेली त्याची बायको त्याची बाही ओढता ओढता स्वतःच उठली. डॉक्टर उठले. शेवटी थर्झाबाई उठल्या, पुढच्या खुर्चीची पाठ धरून.

"त्यांना कसं चालेल?" कुणीतरी पुटपुटलं.

"त्याही मतदारच आहेत," रॉयस म्हणाला. "सहा झाले."

खुर्च्या करकरल्या, पण उठलं कुणी नाही. लोक आपल्या टोप्यांकडे, हातातल्या विणकामाकडे, समोरच्याच्या कॉलरकडे बघत राहिले. चौथ्या रांगेत ऑर्फाला आपल्या नवऱ्याच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. मेरिलच्या शेजारीच हार्लन बसला होता. मेरिल हलला नाही.

दारापाशी ती एकटीच उभी होती. रॉयसची नजर माणसं मोजत मोजत मागे आली आणि तिच्यावर थांबली. त्याने भुवया वर केल्या. त्याला खरंच कळत नव्हतं.

"ऑर्फा, तू यांच्यात आहेस का?"

पुन्हा सगळ्या माना वळल्या. थर्झाबाईंनी मात्र वळून पाहिलं नाही. किटलीची धग ॲप्रनमधून ऑर्फाच्या बोटांना लागत होती. तिच्या मनात आलं, एवढे दोनशे लोक आहेत, कुणीतरी उठेलच. हार्लन त्या पहाटे टोपी काढून उभा होता, हेही मनात आलं. आणि तिच्या तोंडून शब्द गेले,

"मी कॉफी घेऊन आलेय."

सभागृह हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, उलट सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. रॉयससुद्धा हसला आणि त्याने हातोडी उचलली.

"सहाच आहेत. मत आवाजी होईल. बाजूने असतील त्यांनी हो म्हणावं."

हो मोठा होता. नाही त्यामानाने बारीक, जागोजागी विखुरलेला. हातोडी आपटली आणि रॉयसने बाविसावं कलम काढलं. ते कुत्र्यांच्या परवान्याचं होतं.

थर्झाबाईंनी अध्यक्षांना मान लववली, कोट घेतला आणि खुर्च्यांमधून वाट काढत मागे आल्या. ऑर्फा बाजूला सरकली. त्या पुढे न जाता तिच्यासमोर थांबल्या.

"अर्धा कप मिळेल, ऑर्फा? गार पडलेय मी."

ऑर्फाने दारापाशीच्या टेबलावरचा एक कप भरला. थोडी कॉफी बशीत सांडली. थर्झाबाईंनी ती बशीतली आधी प्यायली, मग कपातली, आणि कप तिच्या हातात परत देत म्हणाल्या,

"छान आहे."

*

घरी येताना गाडी मेरिल चालवत होता. रस्त्यावरचा बर्फ दुपारच्या उन्हाने सैल झाला होता आणि गाडीची चाकं चिखलातल्या चाकोरीत घसरत होती. पाच वाजता गाईंचं दूध काढायचं होतं.

"मी काहीच म्हणालो नाही," तो एकदम बोलला. "हो पण नाही आणि नाही पण नाही. नुसते ओठ हलवले."

ऑर्फा खिडकीतून बाहेर बघत होती.

"चिठ्ठी मिळाली असती तर नाही लिहिलं असतं," तो म्हणाला. "आमच्या रांगेतल्या तिघा-चौघांनी तरी लिहिलं असतं. बाहेर गाड्यांपाशी सगळे तेच म्हणत होते. चिठ्ठ्या असत्या तर."

"मग तू का नाही उठलास?"

"हार्लन मांडीला मांडी लावून बसला होता." मेरिलने गिअर बदलला. "आणि मला वाटलं, तू उठशील."

"मी उभीच होते."

"हो. म्हणूनच वाटलं."

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. रॉयसने विचारल्यावर तिने काय उत्तर दिलं ते दोघांनीही काढलं नाही. फाटकापाशी तो उतरला, फाटक उघडून परत आला, आणि चिखलाने भरलेले बूट गाडीच्या पायरीवर आपटत राहिला. गरजेपेक्षा जास्त वेळ.

नेथन गेल्यापासून ऑर्फा रोज पहाटे, गोठ्यात जाण्याआधी, बायबलमधलं एक स्तोत्र वाचायची. दीडशे संपली की पुन्हा पहिल्यापासून. तापात, वादळात, बहिणीच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा तिने त्यात खंड पडू दिला नव्हता. वाचून झालं की ती डोळे मिटून त्याचं नाव घ्यायची, हाक मारल्यासारखं, हळू. बुधवारी पहाटे तिने वाचलं, पुस्तक मिटलं आणि नाव घ्यायला ओठ उघडले. ते तसेच राहिले. गोठ्यातून मेरिलने दोनदा हाक मारली तेव्हा ती उठली.

*

गुरुवारी रॉयस टटल आला. टोपी हातात, बूट दाराबाहेर काढलेले.

"नवीन माणूस मिळेपर्यंत ग्रंथालयात कुणीतरी बसायला हवं," तो म्हणाला. "आठवड्यातून दोन दुपारी आणि शनिवारी दिवसभर. पंचांनी तुझं नाव काढलं. एकमताने."

"माझं का?"

"तुझ्याबद्दल कोण काय बोलणार? नेथनची आई आहेस तू." मग त्याला स्वतःचंच बोलणं कसंसं वाटलं असावं. "शिवाय तू वाचतेसही."

"मी एकच पुस्तक वाचते, रॉयस."

"अगं, बसायचंच आहे. शेगडीत लाकूड घालायचं आणि शिक्का मारायचा."

नाही म्हणायला तिने श्वास घेतला होता. पण या निमित्ताने एकदा तरी बाईंना भेटता येईल, हे तिच्या मनात आलं. तिने हात पुढे केला आणि किल्ली घेतली.

शनिवारी सकाळी ती गेली तेव्हा थर्झाबाईंच्या ग्रंथालयामागच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. घर त्या नोकरीबरोबरचंच होतं. दारात दोन बॅगा आणि दोरीने बांधलेलं एक खोकं होतं. त्या बहिणीकडे निघाल्या होत्या, न्यू हॅम्पशायरला. बहिणीचं घर लहान होतं आणि तिची तीन मांजरं होती.

"मला मांजरं आवडत नाहीत," थर्झाबाई म्हणाल्या. "आता आवडून घ्यावी लागतील. ये, शेगडी दाखवते. ही हट्टी आहे. आधी बारीक लाकूड, मग झडप अर्धी. पूर्ण उघडलीस तर सगळा धूर कथा-कादंबऱ्यांवर जातो."

त्यांनी सगळं दाखवलं. उंदराचा पिंजरा कुठे लावायचा. कोणती खिडकी वाऱ्याने आपोआप उघडते. डॉक्टरांची बायको पुस्तकात बेकनचा तुकडा खूण म्हणून ठेवते, तर आधी ते झटकायचं. दर पुस्तकाच्या पाठीमागच्या खिशात एक कार्ड असे. नेणारा त्यावर सही करी आणि कार्ड इथे राही. भरलेली जुनी कार्डं टेबलाच्या खालच्या खणात होती.

"सगळी आहेत त्यात," थर्झाबाई म्हणाल्या. "त्या तीन पुस्तकांचीही. कुलूप नाही."

ऑर्फा त्या खणाकडे पाहत राहिली.

"तुम्ही जाळून का नाही टाकलीत? शेगडी तर समोरच आहे."

"मनात आलं होतं." त्यांनी टेबलावरची नसलेली धूळ हाताने पुसली. "पण मग ज्यांनी वाचलं त्यांनी काहीतरी जाळण्यासारखं केलं, असं झालं असतं. पोरांनी पुस्तकं नेली आणि परत आणून दिली. बहुतेकांनी वेळेवर."

"माझा नेथन..." ऑर्फाने सुरुवात केली, आणि तिला पुढचं विचारता येईना.

"नेथन खूप वाचायचा," थर्झाबाई म्हणाल्या. "दूध घालून जाताना थांबायचा. तिथे उभ्या उभ्याच वाचायला लागायचा, बूट ओले असायचे म्हणून बसायचा नाही. सही अशी करायचा की शेवटचं अक्षर कार्डाच्या बाहेर जायचं." त्यांनी बोटाने खण ढकलून नीट बसवला. "त्यापुढचं मी सांगत नाही, ऑर्फा. तुलाही नाही. आता खण तुझ्याकडे आहे."

ऑर्फाला एक वाक्य बोलायचं होतं. मंगळवारपासून ते तिने गोठ्यात, चुलीपाशी, अंथरुणात जुळवलं होतं. पण थर्झाबाई कोट घालत होत्या, आणि एका बाहीचं अस्तर फाटलेलं असल्याने हात त्यातच अडकत होता. ऑर्फाने ती बाही धरली, हात बाहेर येईपर्यंत.

"मी येते स्टँडपर्यंत. खोकं उचलते."

"ग्रंथालय उघडं आहे," थर्झाबाई म्हणाल्या. "उघडं असताना सोडून जायचं नाही. दुधाच्या गाडीवाला येतोय न्यायला."

दारातून जाताना त्यांनी मागे वळून खोलीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ऑर्फा ते वाक्य बोलली असती, असं तिला नंतर वाटलं. तेही खरं होतं की नाही, कोण जाणे.

*

एकपर्यंत दोन मुली आणि एक म्हातारा येऊन गेले. मग कुणी नाही. शेगडी धुमसत होती. ऑर्फा खुर्चीत बसली, तेव्हा खण तिच्या गुडघ्याला लागला.

नेथनच्या हस्ताक्षरातली आठ पत्रं घरी होती. ती तिला पाठ होती. त्यातलं प्रत्येक अक्षर सैन्यात गेल्यानंतरचं, घाईचं, थंडीत लिहिलेलं. या खणात मात्र दहा वर्षांच्या, बारा वर्षांच्या, सतरा वर्षांच्या नेथनचा हात होता. बूट ओले असलेल्या नेथनचा. तिने खणाच्या मुठीवर बोटं ठेवली. पितळ गार होतं.

त्याने काय वाचलं होतं? तिला तो कधी सांगायचा नाही. जेवताना एकदा त्याने काहीतरी विचारलं होतं, मोठ्या लोकांच्या जमिनींबद्दल आणि खाणीतल्या मजुरांबद्दल, आणि मेरिल म्हणाला होता, आधी ताटातलं संपव. नेथन हसला होता. हसताना त्याने खाली मान घातली होती.

तिने हात काढून मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा मुठीवर ठेवला. मग खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि तिथे बसली, येणाऱ्या माणसाने बसावं तशी.

दोन वाजून गेल्यावर हार्लन बिकफर्ड आला. दार लावून घेतलं, टोपी काढली. एवढ्याशा खोलीत तो फारच मोठा दिसत होता.

"कशी आहेस, ऑर्फा?"

"बरी आहे. पाय पुस."

त्याने पाय पुसले. पुस्तकांच्या रांगांकडे बघत टेबलापर्यंत आला.

"आता तू आहेस म्हणजे बरं झालं. तू आपली आहेस. बाईंशी बोलायचं म्हणजे..." त्याने टोपी फिरवली. "ती कार्डं बघायची होती. तीन पुस्तकांची. इथेच बघतो, नेत नाही."

ऑर्फा उठली नाही. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, लहान, चर्चमध्ये शेजारणीशी बोलावा तसा.

"नाही दाखवणार, हार्लन."

त्याला वाटलं, तिने ऐकलं नाही. "मंडळाचं काम आहे, ऑर्फा. गावाने मत दिलंय."

"गावाने बाईंना काढायचं मत दिलं. खण उघडायचं नाही दिलं."

"अगं, तू पण?" तो हसायला गेला. "मंगळवारी तर तू..."

"मंगळवारी मी काय बोलले ते मला माहीत आहे."

तिचा चेहरा तापला होता. हार्लनने खिडकीकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

"पुढच्या मार्चमध्ये नोटिशीवर तुझं नाव लागेल, ऑर्फा. मी लावलं नाही तर दुसरं कुणी लावेल."

"लागू दे."

तो जाईल असं तिला वाटलं. तो दारापर्यंत गेलाही. तिथे कडीवर हात ठेवून, पाठमोराच उभा राहिला, आणि बोलला तेव्हा तो पेंडीच्या दुकानातला, गावसभेतला आवाज नव्हता.

"एवढंच सांग. आमच्या कॉरिनचं नाव आहे का त्यात?"

कॉरिन त्याची थोरली मुलगी. बर्लिंग्टनला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती.

"तिला सप्टेंबरपासून शाळेत नोकरी मिळतेय," हार्लन दाराशीच बोलला. "शिक्षकांची हल्ली फार चौकशी करतात. कुठे गेलीस, कुणाला भेटलीस, काय वाचलंस. ती शाळेत असताना इथेच पडीक असायची. मला वाटलं, कुणीतरी एक दिवस यादी मागणारच. बाहेरचा मागेल. त्याआधी मीच मागितली तर ती माझ्या हातात येईल. मी बघेन आधी." तो वळला. "नाव नसेल तर नसेल. असेल तर... मी बाईंना कसं विचारणार होतो? त्यांना कळलं असतं ना, मी का विचारतोय ते."

शेगडीत लाकूड फुटलं. ऑर्फाने झडप अर्धी केली आणि परत येऊन बसली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी पाहिलेलं नाही."

"सकाळपासून इथे बसलीयस आणि पाहिलं नाहीस?"

"नेथनच्या सह्या आहेत त्यात. किती आहेत कुणास ठाऊक." तिने हात टेबलावर सपाट ठेवले. "त्याही मी पाहिलेल्या नाहीत, हार्लन."

तो तिच्याकडे बघत राहिला, मग खणाकडे. कुलूप नव्हतं; टेबलाला वळसा घालायला त्याला चार पावलं लागली असती. त्याऐवजी त्याने मुलांच्या कोपऱ्यातली एक लहान खुर्ची ओढली आणि तिच्यात कसाबसा बसला, गुडघे हनुवटीशी आलेले. टोपी जमिनीवर ठेवली.

बाहेर छपरावरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

"त्यांना माहीत असणार," हार्लन म्हणाला. "कॉरिनचं नाव असेल तर बाईंना माहीतच असणार. तिथे मी त्यांना दोनशे लोकांसमोर... आणि त्या मात्र पोस्टमास्तरचं सांगत बसल्या, कॉरिनचं नाही."

ऑर्फाने टेबलावरचा शिक्का सरळ करून ठेवला.

"बहिणीकडे जायच्या होत्या ना त्या? कधी निघतायत?"

"साडेबाराची बस होती."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, जणू त्यात वेगळी वेळ असेल.

"मी सोडलं असतं त्यांना," तो म्हणाला. "अगदी बहिणीच्या दारापर्यंत. आज दुकान बंदच होतं माझं."